उंचीच्या डेटावरून पाणथळ जागा आणि लपलेले ओढे कसे शोधायचे

कोरड्या दिवसांत एखादा उतार चालून जा. पायाखाली जमीन टणक, गवत सगळीकडे सारखं, ओढ्याचा मागमूस नाही. चांगला पाऊस होऊन गेल्यावर चार दिवसांनी पुन्हा त्याच वाटेने गेलात तर एका ठिकाणी पाय घोट्यापर्यंत रुततो. आजूबाजूची जमीन वाळलेली असते, पण या पट्ट्यात गवताच्या मुळांशी पाणी हळूहळू सरकत असतं. वरच्या सगळ्या उताराचं पाणी नेमकं इथेच का गोळा होतं, याचं उत्तर बहुतेक वेळा त्या जागेच्या चढउतारांत सापडतं. ते चढउतार आकड्यांच्या रूपात हाताशी असतील, तर पावसाची वाट न बघता हे पाणी संगणकावर वाहवून बघता येतं.

रस्ता आखणारे, जंगलात जड यंत्रं नेणारे, बांधकामासाठी जागा बघणारे, पाणथळीतली झाडं-पक्षी जपू पाहणारे, अशा सगळ्यांना हे उपयोगी पडतं. छापील नकाशावर हे ओढे बहुधा नसतात. १:५०,००० च्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर, तिथे दोन मीटर रुंदीच्या ओहोळाला जागा कुठली? हवाई छायाचित्रातही झाडांच्या छत्राखालचा ओढा दिसत नाही.

सॉफ्टवेअर चालवणं या कामात फारसं अवघड नाही, दोन संध्याकाळी बसलात तर जमेल. अवघड आहेत त्या दोन गोष्टी: डेटातले खोटे बांध ओळखणं आणि ओढा कुठून सुरू झाला असं मानायचं ते ठरवणं. नकाशा खरा उतरतो की खोटा, ते या दोन ठिकाणी ठरतं. म्हणून या लेखात त्यांना मुद्दाम जास्त जागा दिली आहे.

डेटा निवडताना

उंचीचा डेटा म्हणजे चौकोनांची जाळी. प्रत्येक चौकोनाला एकच आकडा, त्या जागेची उंची. पण उंची कशाची, हा प्रश्न आधी विचारा. काही डेटात झाडांचे शेंडे आणि इमारतींची छपरं धरलेली असतात, काहींत ती काढून फक्त उघडी जमीन ठेवलेली असते. पाणी जमिनीवरून वाहतं, त्यामुळे आपल्याला दुसऱ्या प्रकारचा डेटा हवा.

सगळ्यात उत्तम म्हणजे लायडार. विमानातून लेझरचे लाखो ठोके सोडतात. त्यातले बरेचसे पानांवर आदळून परततात, पण काही पानांमधल्या फटींतून खाली पोचतात. जमिनीवरून परतलेले ठोके वेगळे काढले की जंगलाखालची जमीन दिसते. एक किंवा दोन मीटरच्या चौकोनांचा असा डेटा तुमच्या भागासाठी मिळत असेल तर दुसरीकडे बघूच नका.

लायडार नसेल तर जगभरासाठी मोफत मिळणारे डेटा आहेत. एसआरटीएम हा सगळ्यात परिचित. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अवकाशयानाने ११ दिवसांच्या फेरीत रडारने तो गोळा केला. ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण एवढा भाग त्यात येतो. युरोपच्या कोपर्निकस या पृथ्वी-निरीक्षण कार्यक्रमाचा ३० मीटरच्या चौकोनांचा डेटा त्यानंतरचा, टॅनडेम-एक्स उपग्रहमोहिमेच्या रडार मोजणीवर आधारलेला, आणि माझ्या मते नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी. मात्र रडारला झाडांखालची जमीन नीट दिसत नाही. त्यामुळे जंगलाच्या कडेला या डेटात एक भिंत उभी राहते आणि संगणकातलं पाणी त्या भिंतीला अडतं. फॅबडेम नावाच्या डेटात कोपर्निकसमधूनच झाडांची आणि इमारतींची अंदाजे उंची वजा केलेली आहे. बिगरव्यावसायिक कामासाठी तो वापरता येतो. जंगल असलेल्या भागात त्याचा फरक लगेच जाणवतो.

३० मीटरच्या डेटाकडून काय अपेक्षा ठेवायची? एक चौकोन म्हणजे ९०० चौरस मीटर. त्यात दोन मीटर खोल, पाच मीटर रुंद घळ पार विरघळून जाते. खोरी कळतात, मुख्य ओढ्यांच्या रेषा कळतात, पण वीस मीटर रुंदीचा चिबड पट्टा कळत नाही. सपाट मैदानात तर आणखी जपून. कोपर्निकसच्या डेटाची जाहीर केलेली उभी अचूकता ९० टक्के ठिकाणी चार मीटरच्या आत अशी आहे. ज्या मैदानात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चढउतारच तीन मीटरचा, तिथे तुम्ही पाण्याची वाट काढत नसता, डेटातल्या चुकांची वाट काढत असता.

पाणी सोडण्याआधीची तयारी

क्यूजीआयएस हे नकाशांच्या कामाचं मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्याच्या जोडीला ग्रास आणि व्हाइटबॉक्स टूल्स ही दोन्ही मोफत साधनं बसवा. खालचं सगळं त्यात होतं.

डेटा अक्षांश-रेखांशांत असेल तर तो आधी मीटरमधल्या प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायच्या पद्धतीत आणा. उदाहरणार्थ यूटीएम, ज्यात जगाचे उभे पट्टे पाडलेले असतात; त्यातला तुमचा पट्टा निवडा. आडवं अंतर अंशांत आणि उंची मीटरमध्ये राहिली तर उताराचे आकडे निरर्थक येतात. प्रक्षेपण बदलताना पर्याय विचारला जातो, तिथे 'बायलिनियर' किंवा 'क्युबिक' निवडा. 'निअरेस्ट नेबर' ठेवलंत तर जमिनीवर पायऱ्यांसारखे पट्टे उमटतात आणि पाणी त्या पट्ट्यांवरून सरळ रेषेत पळतं.

दुसरं, कापताना हात आखडू नका. अभ्यासाची जागा एक चौरस किलोमीटर असली तरी तिच्यावर येणारं पाणी वरच्या डोंगरधारेपासून येतं. तेव्हा पाणलोटाच्या माथ्यापर्यंत, किंबहुना थोडा त्यापलीकडचाही डेटा घ्या आणि शेवटी नकाशा कापा. आधीच काटेकोर चौकोन कापला तर कडेने आत येणारा मोठा ओढा संगणकाला नुकताच जन्मलेला ओहोळ वाटतो. ग्रासमधल्या आर.वॉटरशेड या साधनात यासाठी छान सोय आहे: ज्या चौकोनांवर हद्दीबाहेरून पाणी येत असण्याची शक्यता आहे, त्यांचा आकडा ते ऋण चिन्हाने देतं. ऋण आकडे तुमच्या कामाच्या जागेपर्यंत पोचत असतील तर समजा, कापणी आखूड झाली.

डेटात रिकाम्या जागी ठेवलेला आकडाही तपासा. एसआरटीएममध्ये तो उणे ३२,७६८ असतो. सॉफ्टवेअरने तो खरी उंची म्हणून वाचला तर आसपासचं सगळं पाणी त्या अथांग विवरात जातं.

आधी डोळ्यांनी बघा

कोणतंही गणित करण्याआधी छायांकित उठाव तयार करा, म्हणजे एका बाजूने प्रकाश टाकून जमिनीच्या सावल्या दाखवणारा थर. प्रकाश साधारण वायव्येकडून, ३१५ अंशांवरून, ४५ अंश उंचीवरून टाकतात. पण एकाच दिशेवर थांबू नका. प्रकाशाच्या दिशेने जाणारी घळ सावली टाकत नाही आणि नजरेतून निसटते. तीन-चार दिशा बदलून बघा. लायडारचा डेटा असेल तर इथेच थक्क व्हायला होतं: झाडीखाली कुणाला ठाऊक नसलेल्या चऱ्या, जुने पाट, सोडून दिलेल्या वाटा, सगळं उघडं पडतं.

संशयाच्या जागी आडवी रेघ ओढून जमिनीचा छेद काढा. ओढ्याचा छेद इंग्रजी व्ही किंवा यू सारखा, आणि खाली जावं तसा तळ उतरत जाणारा. पायवाटेचा किंवा बैलगाडीच्या जुन्या रस्त्याचा चरही असाच दिसतो, पण तो मध्येच चढ चढतो. पाणी चढ चढत नाही. या खुणेने बरेच घोळ इथेच मिटतात.

खोटे बांध

आता मुख्य अडचण. ओढ्यावरून रस्ता जातो. रस्त्याचा भराव तीन मीटर उंच, खालून नळमोरी. विमानातल्या लेझरला मोरी दिसत नाही, त्याला रस्त्याचा माथा दिसतो. डेटात तो भराव म्हणजे खोऱ्यावर आडवी घातलेली सलग भिंत. संगणकातलं पाणी तिथे तुंबतं, भरावाच्या सखल टोकापर्यंत रस्त्याकडेने सरकतं आणि तिथून भलत्याच ओढ्यात उतरतं. एका मोरीमुळे खालच्या सगळ्या ओढ्याचा हिशेब चुकतो.

माझ्या सुरुवातीच्या एका नकाशात असंच झालं होतं. नकाशात जिथे ठसठशीत ओढा होता तिथे जाऊन पाहिलं, तर कोरडं ठक्क गवत. पाणी दोनशे मीटर पलीकडे, नकाशात काहीच नसलेल्या जागी, रस्त्याखालच्या नळातून खळखळत बाहेर पडत होतं. तेव्हापासून रस्ते, रेल्वेमार्ग, धरणाच्या भिंती आणि कालव्याचे भराव यांचा थर उघडल्याशिवाय मी पुढचं पाऊल टाकत नाही.

भरावांशिवाय डेटातल्या किरकोळ चुकांमुळेही जागोजागी छोटे खड्डे तयार होतात. ते काढायच्या दोन रीती आहेत. पहिली भरण्याची: खड्ड्यातले चौकोन त्याच्या काठाच्या सखल बिंदूपर्यंत उचलायचे. १९८८ मध्ये सुझन जेन्सन आणि ज्युलिया डॉमिंग यांनी मांडलेल्या पद्धतीपासून ही रीत रूढ झाली आणि अजूनही बहुतेक शिकवण्यांत हीच पहिली सांगतात. पण भरावामागचा खड्डा भरला की तिथे सपाट तळं तयार होतं आणि त्यातून समांतर, आखीव, अगदी अनैसर्गिक रेषा निघतात. दुसरी रीत खोदण्याची: अडथळ्यातून कमीत कमी खोदाईत पलीकडे नेणारा चर पाडायचा. मोरीचं काम नेमकं तेच असतं, म्हणून लायडारच्या डेटावर मी आधी खोदतो आणि जे उरेल तेवढंच भरतो. व्हाइटबॉक्समध्ये 'ब्रीच डिप्रेशन्स लीस्ट कॉस्ट' हे साधन यासाठी आहे. त्यात चर किती लांबपर्यंत शोधायचा त्याची मर्यादा चौकोनांत द्यावी लागते. तुमच्या भागातला सगळ्यात रुंद भराव पार होईल एवढीच द्या. एक मीटरच्या डेटावर पन्नासच्या आसपास ठेवून सुरुवात करा. मर्यादा फार मोठी ठेवली तर संगणक खऱ्या टेकड्याही कापून मोकळा होतो.

पण थांबा. सगळे खड्डे खोटे नसतात. नैसर्गिक तळी, चुनखडीच्या प्रदेशातल्या बंद खळग्या, जुन्या खाणी हे खरे खोलगट भाग आहेत, आणि आपण शोधतोय त्या पाणथळ जागा बरेचदा त्याच असतात. म्हणून काहीही पुसण्याआधी एक थर जपून ठेवा: भरलेल्या उंचीतून मूळ उंची वजा करा. उरतो तो प्रत्येक खड्ड्याचा आकार आणि खोली. लायडारवर शंभर चौरस मीटरपेक्षा मोठे आणि तीस सेंटिमीटरपेक्षा खोल तेवढे वेगळे काढा आणि एकेक बघा. खालच्या अंगाला सरळ भराव दिसला तर तिथे मोरी असणार. भराव नसेल तर खड्डा बहुधा खरा. हे काम कंटाळवाणं आहे, पण नकाशातल्या बहुतेक चुका इथेच सापडतात.

मोरीची जागा पक्की ठाऊक असेल तर हाताने दुरुस्ती करा: भरावाच्या वरच्या बाजूच्या तळापासून खालच्या बाजूच्या तळापर्यंत छोटी रेघ ओढा आणि त्या रेघेवरची उंची तळाएवढी करा. बस्स, तेवढेच काही मीटर. जुन्या नकाशावरची ओढ्याची अख्खी निळी रेघ डेटात कोरू नका. ती रेघ खऱ्या पात्रापासून सरकलेली असू शकते, आणि मग एका खोऱ्यात दोन समांतर ओढे वाहू लागतात.

३० मीटरच्या डेटासाठी वर सांगितलेलं आर.वॉटरशेड बरं पडतं. ते खड्डे आधी भरत नाही, त्यातून बाहेर पडायची सगळ्यात स्वस्त वाट शोधतं.

पाणी वाहवणं

प्रत्येक चौकोनाला आठ शेजारी. ज्या शेजाऱ्याकडे उतार सगळ्यात तीव्र, त्याच्याकडे सगळं पाणी द्यायचं, ही डी-आठ पद्धत. ओकॅलहन आणि मार्क यांनी ती १९८४ मध्ये मांडली. ओढ्याच्या रेषा काढायला ती पुरेशी आहे. मात्र मोकळ्या उतारावर पाणी एका रेषेत न जाता पसरतं, आणि ओलाव्याचा नकाशा करताना ते पसरणं महत्त्वाचं. तिथे पाणी एकाहून जास्त शेजाऱ्यांत वाटणारी पद्धत घ्या. १९९७ ची डेव्हिड टारबोटन यांची डी-इन्फिनिटी ही त्यातली एक चांगली.

दिशा ठरल्या की प्रत्येक चौकोनावर वरून किती चौकोनांचं पाणी येतं ते मोजतात. याला प्रवाह-संचय म्हणू. हा थर पडद्यावर पहिल्यांदा सगळा काळा दिसेल. घाबरू नका, आकडे एकापासून लाखांपर्यंत पसरलेले असतात. त्यांचा लॉगरिदम घेऊन रंग द्या, झाडाच्या फांद्यांसारखं जाळं उमटेल.

ओढा कुठून सुरू होतो?

नदीचं मूळ शोधू नये असं आपल्याकडे म्हणतात. इथे मात्र ते शोधण्यावाचून गत्यंतर नाही. संचयाचा आकडा किती झाला की त्याला ओढा म्हणायचं, तो उंबरठा तुम्हालाच द्यायचा असतो, आणि सॉफ्टवेअर जो आकडा आधीच भरून ठेवतं त्याला तुमच्या जमिनीबद्दल काहीही माहिती नसते.

पहिली सवय लावा ती चौकोनांत विचार न करता हेक्टरांत विचार करायची. चार हेक्टर म्हणजे एक मीटरच्या डेटावर ४०,००० चौकोन, दहा मीटरच्या डेटावर ४००, आणि तीस मीटरच्या डेटावर जेमतेम ४४. कुणीतरी 'हजार ठेवा' असं सांगितलं तर ते कोणत्या डेटावर, हे विचारल्याशिवाय तो आकडा उचलू नका.

मग एक, दोन, चार आणि दहा हेक्टर असे चार उंबरठे देऊन चार जाळी काढा आणि छायांकित उठावावर एकावर एक ठेवा. ज्या उंबरठ्यावर रेषा दिसणाऱ्या घळीच्या टोकाशी संपते, तो जवळपास बरोबर. रेषा गुळगुळीत उतारावर चढत गेली, किंवा शेजारीशेजारी कंगव्याच्या दात्यांसारख्या समांतर रेषा दिसल्या, तर उंबरठा फार खाली आलाय. दिसणारी घळ रेषेविना कोरी राहिली तर तो फार वर आहे.

सगळ्या भागाला एकच आकडा लागू पडेलच असं नाही. डेव्हिड माँटगोमेरी आणि विल्यम डिट्रिच यांनी १९८८ मध्ये प्रत्यक्ष मोजून दाखवलं होतं की उतार जितका तीव्र, तितक्या लहान पाणलोटावर ओढा सुरू होतो. डोंगराळ आणि सखल असे दोन्ही भाग असतील तर दोन उंबरठे वापरा आणि तसं नोंदवा. ऋतूचाही हिशेब आहे. ओल्या दिवसांत ओढ्याचं टोक वर सरकतं, कोरड्या दिवसांत खाली येतं. एकच रेघ काढून 'हा ओढा' म्हणण्यापेक्षा लहान उंबरठ्याची रेघ पावसाळी आणि मोठ्या उंबरठ्याची बारमाही अशी दोन रंगांत दाखवली, तर वाचणाऱ्याला जास्त खरं चित्र मिळतं.

ओल कुठे धरते

ओढ्याची रेषा मिळाली, पण पाणथळ म्हणजे पट्टा, क्षेत्र. त्यासाठी तीन मापं उपयोगी आहेत.

पहिलं ओलावा निर्देशांक. कीथ बेव्हन आणि माइक कर्कबी यांनी १९७९ मध्ये तो मांडला. कल्पना सोपी: वरून येणारं पाणी जास्त आणि पुढे जायला उतार कमी, तिथे ओल धरते. गणितात, समोच्च रेषेच्या एक मीटर रुंदीमागे वरचं क्षेत्र किती, त्याला उताराच्या टॅन्जंटने भागायचं आणि नैसर्गिक लॉगरिदम घ्यायचा. उदाहरण बघा. मीटरमागे १,००० चौरस मीटर पाणलोट आणि उतार २ टक्के, तर निर्देशांक सुमारे १०.८. तेवढाच पाणलोट पण उतार २० टक्के, तर ८.५. आणि माथ्याजवळ मीटरमागे १० चौरस मीटर, उतार २० टक्के, तर ३.९. अगदी सपाट चौकोनात शून्याने भागाकार होतो, तिथे उतार किमान ०.००१ धरा. व्हाइटबॉक्सच्या साधनाला उतार अंशांत लागतो. टक्क्यांतला दिलात तर ते तक्रार करणार नाही, उत्तर मात्र चुकेल.

हा निर्देशांक एक मीटरच्या डेटावर काढला तर प्रत्येक ढेकूळ आणि चाकोरी त्यात उमटते, नकाशा ठिपक्याठिपक्यांचा दिसतो. जमिनीखालची पाण्याची पातळी इतकी खडबडीत नसते. म्हणून या एका कामासाठी लायडारचा डेटा पाच-दहा मीटरवर आणून गुळगुळीत करणं मला जास्त पटतं.

दुसरं माप मला सगळ्यात कामाचं वाटतं: पाण्यापर्यंतची खोली. कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक विद्यापीठात पॉल आर्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते विकसित केलं. जवळच्या ओढ्यापासून या चौकोनापर्यंत येताना कमीत कमी किती चढ चढावा लागतो, ते मोजायचं. ओढ्यापेक्षा जेमतेम अर्धा मीटर वर असलेली जमीन, मग ती ओढ्यापासून पन्नास मीटर लांब का असेना, ओली असण्याची शक्यता मोठी. चार हेक्टरच्या उंबरठ्यावरचे ओढे धरून ही खोली एक मीटरच्या आत असेल तर जागा ओली मानायची, अशी त्यांची सर्वसाधारण पद्धत. ग्रासमध्ये आर.कॉस्ट वापरून ते काढता येतं: खर्च म्हणून उतार द्या, तो टक्क्यांत असेल तर १०० ने भागा, सुरुवात ओढ्याच्या चौकोनांपासून करा, आणि आलेल्या आकड्याला चौकोनाच्या लांबीने गुणा. उंबरठा एक हेक्टरवर आणून हेच पुन्हा केलंत तर ओल्या ऋतूतला फुगलेला पट्टा मिळतो.

तिसरं, ओढ्यापासूनची उभी उंची. चौकोनावरचं पाणी ज्या वाटेने ओढ्यात उतरतं, त्या वाटेवरचा उंचीतला फरक. व्हाइटबॉक्समधलं 'एलेव्हेशन अबव्ह स्ट्रीम' ते देतं. पुराचा पट्टा बघायला ते जास्त चांगलं, चिबड जमीन शोधायला वरचं दुसरं माप.

स्वीडनच्या कृषी विद्यापीठाने देशभराच्या जंगलांचा मातीतल्या ओलाव्याचा नकाशा दोन मीटरच्या चौकोनांवर केला, तेव्हा यातलं एकच माप न निवडता वेगवेगळ्या उंबरठ्यांवरची अनेक मापं आणि जंगलातल्या हजारो प्रत्यक्ष नोंदी एकत्र करून संगणकाला शिकवलं. तुम्हाला लगेच तसं करायची गरज नाही. पण दोन मापं एकमेकांवर ठेवून दोन्ही कुठे 'ओलं' म्हणतात ते बघितलंत, तरी भरवसा पुष्कळ वाढतो.

उंचीला न कळणाऱ्या गोष्टी

वाळूची जमीन पाणी गिळून टाकते, चिकण मातीची ते धरून ठेवते. दोन्हींचा उतार सारखा असला तर नकाशात दोन्ही सारख्याच ओल्या. चुनखडीच्या भागात पात्र दिसतं पण पाणी जमिनीखालून गेलेलं असतं. उलट, भर उताराच्या मध्यावर, जिथे पाझरणारा थर संपून खाली घट्ट खडक लागतो, तिथे झऱ्यांची आणि उपळटांची आडवी रांग असते आणि उंचीच्या गणितात तिचा पत्ता नसतो. म्हणून मातीचा आणि खडकांचा नकाशा शेजारी ठेवाच. शेतातले पाणी काढायचे चर, जमिनीत पुरलेले नळ यांनी वाळवलेली जमीनही गणिताला ओलीच वाटते.

शहरांत आणखी वेगळी गोष्ट. तिथले ओढे नळांत घालून वर रस्ते बांधलेले असतात. लंडनची फ्लीट नदी आज गटारवाहिनी होऊन रस्त्यांखालून जाते. सोलमधल्या चेओंगगेचॉन ओढ्यावर तर उन्नत रस्ता होता, तो पाडून २००५ मध्ये ओढा पुन्हा उघडा केला. अशा ठिकाणी डेटा तुम्हाला पाणी दाखवणार नाही, पण खोऱ्याचा आकार बहुधा शिल्लक असतो. त्यात जुने नकाशे, पूल-तळं-ओढा असे शब्द असलेली जागांची नावं, आणि दर पावसात पाणी तुंबणाऱ्या चौकांची यादी घाला. हरवलेल्या ओढ्याची वाट बऱ्यापैकी जुळून येते.

जमिनीवर जा

नकाशा छान दिसला की तो पूर्ण झाला असं वाटायला लागतं. तो तेव्हा अर्धा झालेला असतो.

निघण्याआधी बिंदू निवडा, तेही संगणकाला यादृच्छिक निवडायला लावून. जागेवर जाऊन निवडलेत तर पाय आपोआप ओल्या जागांकडेच वळतात. निम्मे बिंदू नकाशाने 'ओलं' म्हटलेल्या जागी, निम्मे 'कोरडं' म्हटलेल्या जागी. कोरड्यांना भेट देणं नवशिके टाळतात, पण सुटलेली पाणथळ सापडते ती तिथेच. पाऊस थांबल्यावर दोन-तीन दिवसांनी जा, म्हणजे साचलेलं डबकं आणि झिरपणारी ओल यांतला फरक कळतो. जमलं तर कोरड्या ऋतूच्या शेवटी पुन्हा जा. तेव्हाही पाणी असेल तर ते बारमाही.

ऋतू कोणताही असो, माती खोटं बोलत नाही. फावड्याने अर्धा मीटर खणा. वर्षातले बरेच दिवस पाण्याखाली राहिलेली माती राखाडी किंवा निळसर दिसते, आणि पातळी वरखाली होत असेल तर त्यात गंजाच्या रंगाचे तांबूस ठिपके असतात. ते लोहाचे: हवा मिळाली की लोह गंजतं, पाण्यात कोंडलं की विरघळून निघून जातं. वरच्या झाडोऱ्याकडेही बघा. लव्हाळे, पाणकणीस, नेचे, शेवाळाची गादी यांपैकी काही दाट असेल तर ओल तिथे मुक्कामाला असते.

प्रत्येक बिंदूवर अक्षांश-रेखांश, तारीख, शेवटच्या पावसाला किती दिवस झाले, पाय किती रुतला, पात्राला काठ आहेत का, पाणी वाहतंय की साचलंय, एवढं लिहा आणि एक छायाचित्र घ्या. मोबाइलच्या जीपीएसमध्ये मोकळ्यावर काही मीटरची चूक असते, दाट झाडीखाली ती बरीच वाढते. त्यामुळे अरुंद पट्ट्याच्या काठावर बिंदू पडला तर तो चूक की बरोबर यावर डोकं आपटू नका, सोडून द्या. आणि ओढ्याची जी टोकं प्रत्यक्ष सापडतील, त्यांचा संचय घरी येऊन वाचा. दहा-पंधरा टोकं मिळाली की तुमच्या जमिनीचा उंबरठा तुमच्या हातात येतो, मग दुसऱ्या कुणाचे हेक्टर वापरायची गरज नाही.

शेजारी राहणाऱ्यांशी आणि तिथे गुरं चारणाऱ्यांशी बोला. कुठे गाडी फसते, कुठे उन्हाळ्यातही हिरवं राहतं, हे त्यांना तोंडपाठ असतं.

परतल्यावर चार खान्यांची सारणी करा: नकाशाने ओलं म्हटलं आणि होतं, म्हटलं पण नव्हतं, कोरडं म्हटलं आणि होतं, म्हटलं पण नव्हतं. दोन्ही चुका सारख्या नाहीत. जड यंत्र नेणाऱ्याला सुटलेली पाणथळ महागात पडते, म्हणून त्याच्या नकाशात मर्यादा थोडी सैल ठेवून ओला पट्टा रुंद दाखवलेला बरा. विहिरीसाठी किंवा लागवडीसाठी ओली जागा हवी असलेल्याला उलट, कमी पण खात्रीच्या जागा लागतात.

नकाशा देताना

ओलं-कोरडं अशी धारदार सीमा दाखवू नका. पाण्यापर्यंतची खोली अर्ध्या मीटरच्या आत असेल तिथे गडद निळा, एक मीटरपर्यंत मध्यम, दोन मीटरपर्यंत फिका, असे टप्पे ठेवा. खाली छायांकित उठाव हलका ठेवा, म्हणजे वाचणाऱ्याला जागा ओळखता येते. कोपऱ्यात चार ओळी हव्यातच: उंचीचा डेटा कोणता आणि कोणत्या वर्षीचा, चौकोन किती मीटरचा, ओढ्याचा उंबरठा किती हेक्टर, आणि जमिनीवर किती बिंदू कधी तपासले. हाताने उघडलेल्या मोऱ्यांचे बिंदू वेगळ्या थरात जपून ठेवा. पुढच्या वर्षी नवा डेटा आला की त्याच मोऱ्या पुन्हा उघडाव्या लागतात, आणि तोवर रस्त्यावर नवीन दोन-तीन झालेल्या असतात.